पाडले, नमवले, की हरवले?



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले, तेव्हा मी कामगार चळवळीवर बोलेन अशीच त्यांची अपेक्षा असणार. परंतु त्या विषयावर मी वर्षभर कारखान्यांच्या दारात बोलतच असतो, आणि ते ऐकायला लोकांना उन्हात उभे राहावे लागते. आज तुम्ही खुर्च्यांवर बसला आहात, संध्याकाळचा वारा सुटला आहे. तेव्हा आज थोडे निराळे बोलावे असे मी ठरवले. प्रतिस्पर्ध्याला हरवणे या एका गोष्टीसाठी आपल्या मराठीत जे अनेक शब्द आहेत, त्यांत फरक कोणता, आणि त्या फरकाचे महत्त्व काय, एवढाच आजचा विषय.

मी भाषेचा पंडित नव्हे. दहावीच्या आतच माझी शाळा सुटली. पुढचे शिक्षण करवीर नगर वाचन मंदिरात झाले. १८५० साली सुरू झालेल्या त्या ग्रंथालयात रविवारी बसून जे वाचले ते, आणि बाकीचे कामगारांच्या संगतीत. त्यामुळे व्याकरणाची सूत्रे माझ्याकडून ऐकायला मिळणार नाहीत. पण एक शब्द मी एकदा चुकीच्या जागी वापरला, आणि ती चूक माझ्यापेक्षा इतरांना फार महाग पडली. तेव्हापासून या शब्दांवर माझी नजर आहे. ती हकीकत शेवटी सांगतो. आधी शब्द पाहू.

हे शब्द पारखताना मी प्रत्येकाला दोन साधे प्रश्न विचारतो. पहिला : हरलेला माणूस या शब्दात कोणत्या अवस्थेत दिसतो? उताणा पडलेला, पालथा पडलेला, मान खाली घालून उभा असलेला, की पळत सुटलेला? दुसरा प्रश्न : उद्या तो पुन्हा समोर येऊन उभा राहू शकेल का? हे दोन प्रश्न विचारले, म्हणजे एकाच अर्थाचे वाटणारे शब्द आपोआप वेगवेगळे होतात.

कोल्हापुरात ही गोष्ट खासबागेपासून सुरू व्हायला हवी. शाहू महाराजांनी हे मैदान उभारले. १९१२ साली ते तयार झाले. तिथल्या तांबड्या मातीत हरणे म्हणजे काय याबद्दल कधी घोळ नव्हता. पाठ मातीला लागली, दोन्ही खांदे टेकले, की कुस्ती संपली. याला शब्द आहे चीत, किंवा चीतपट. चीत म्हणजे उताणा. 'चारी मुंड्या चीत' म्हटले, म्हणजे शंकेला जागाच उरली नाही. ज्याला कोणी चीत केले नाही त्या मल्लाविषयी आपण म्हणतो, 'त्याच्या पाठीला माती लागली नाही.' पोटाला, गुडघ्याला, तोंडाला माती लागलेली चालते. हिशेब फक्त पाठीचा.

याच मैदानाला जुळणारा दुसरा शब्दप्रयोग म्हणजे अस्मान दाखवणे. अस्मान हा फारसी शब्द, अर्थ आकाश. उताणा पडलेल्या माणसाला वर काय दिसणार? आकाशच. म्हणजे चीत करणे आणि अस्मान दाखवणे ही एकाच पडण्याची दोन वर्णने झाली. पण फरक आहे. चीत हा पंचाचा शब्द आहे. तो निकाल सांगतो आणि गप्प बसतो. अस्मान दाखवणे हा प्रेक्षकाचा शब्द आहे. पडलेल्याला पडल्यावर काय दिसले, हेसुद्धा तो सांगतो. म्हणजे त्यात पडलेल्याची थोडी थट्टा आली. मी जी चूक केली ती याच शब्दाची, हे आत्ताच सांगून ठेवतो.

आता धूळ चारणे घ्या. वर्तमानपत्रांत अस्मान दाखवणे आणि धूळ चारणे हे एकमेकांच्या जागी सर्रास वापरतात. पण तालमीतल्या पोराला विचारा. तोंडात धूळ जायची तर माणूस पालथा पडायला हवा, आणि पालथा पडलेला पैलवान अजून हरलेला नसतो! उलट कित्येकदा तो मुद्दामच खाली बसतो, मातीला घट्ट धरून राहतो, आणि वरच्याला दमवतो. वरचा त्याला उलटवायची खटपट करत असतो, आणि खालचा संधी पाहून निसटतो. तेव्हा धूळ चारणे हा शब्द अपमान सांगतो, निकाल सांगत नाही. भाषेतले सगळे वाक्प्रचार मैदानातून आलेले नसतात. काही नुसते रागातून आलेले असतात.

मातीतला आणखी एक शब्द बाहेर फार फिरतो : धोबीपछाड. परीट जसा ओले कापड खांद्यावरून आणून दगडावर आपटतो, तसा प्रतिस्पर्ध्याला खांद्यावरून घेऊन आपटण्याचा हा डाव. निवडणुकीच्या बातम्यांत तो वरचेवर येतो. पण डाव म्हणजे पाडण्याची रीत. पडण्याचा निकाल नव्हे. एखाद्याने धोबीपछाड मारली तरी समोरचा हवेत वळून पोटावर पडू शकतो. म्हणून 'अमक्याने तमक्याला धोबीपछाड दिली' एवढेच वाचले, तर मी पुढची ओळ वाचल्याशिवाय विश्वास ठेवत नाही.

मातीवर निकाल चीतने होतो. गादीवर तो गुणांनीही होतो. फ्रीस्टाईल कुस्तीत दहा गुणांची आघाडी झाली की पाठ न टेकताही कुस्ती संपते. आपल्या भागातले, कराडजवळच्या गोळेश्वरचे आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकलेले खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कांस्यपदक मिळाले याचा अर्थ सरळ आहे : त्यांच्यापेक्षा दोघे सरस ठरले. पण त्यांना कोणी 'अस्मान दाखवले' असे म्हणणारा कोल्हापुरात भेटणार नाही, कारण ते खरे होणार नाही. तिथे शब्द वापरावा लागतो 'गुणांवर हरले'. हरण्याला मोजमाप असते, हे आपल्या मातीला गादीने शिकवले.

आता मैदान सोडून पटावर येऊ. मात करणे हा शब्द बुद्धिबळाचा. शह म्हणजे राजा, आणि मात म्हणजे त्याची निरुपाय अवस्था. दोन्ही फारसीकडून आले. इंग्रजीतला 'चेकमेट' हाही त्याच घरचा. या खेळाची गंमत अशी, की प्यादी, हत्ती, घोडे, वजीर सगळे मारले जातात, पण राजा कधी मारला जात नाही. त्याला हलायला घर उरत नाही, तिथे खेळ थांबतो. म्हणून मात या शब्दात मार नाही, धूळ नाही; अडवणूक आहे. शिवाय या शब्दाची चाल पाहा. आपण माणसाला चीत करतो, पण संकटावर मात करतो, आजारावर मात करतो, गरिबीवर मात करतो. 'गरिबीला चीत केले' असे कोणी म्हणत नाही, कारण गरिबीला पाठ नाही. प्रतिस्पर्धी माणूस नसेल, तेव्हा मराठी माणूस बहुधा मात हाच शब्द उचलतो.

यापेक्षा निराळा शब्द जेरीस आणणे. जेर म्हणजे फारसीत खाली. घोड्याच्या छातीखालून जाणारा जो पट्टा त्याचे डोके वर उसळू देत नाही, तो जेरबंद. त्यावरून माणसाला पकडून आणले म्हणजे 'जेरबंद केले' म्हणतात. परंतु जेरीस आणणे म्हणजे पकडणेही नव्हे आणि हरवणेही नव्हे. समोरचा अजून उभा आहे, कदाचित आपल्यापेक्षा बलाढ्यही आहे. पण त्याला झोप नाही, रसद नाही, थारा नाही. औरंगजेब १६८१ साली दख्खनेत उतरला आणि १७०७ साली इथेच वारला. या काळात संताजी घोरपडे आणि धनाजी जाधवांनी, आणि १७०० नंतर ताराराणींच्या कारभारात मराठी फौजांनी, मोगलांना जेरीस आणले. औरंगजेबाला कोणी मैदानात चीत केले नाही. पंचवीस वर्षे लढूनही त्याला जिंकता आले नाही, आणि तोच त्याचा पराभव. दुबळ्याच्या हातात असलेला हा सर्वांत मोठा शब्द आहे. संप म्हणजे दुसरे काय? कामगार मालकाला कधी चीत करत नाही. फार तर जेरीस आणतो.

जेरीस आलेला माणूस पुढे एकतर नमतो, किंवा नामोहरम होतो. हे दोन शब्द जवळचे वाटतात, पण त्यांच्यात मोठी दरी आहे. नामोहरम झालेल्याची उमेद संपलेली असते. लढाई चालू असो वा नसो, तो आतून बसलेला असतो. नमलेला मात्र उभाच असतो. नमवणे म्हणजे वाकवणे. नमस्कारातले नमणे ते हेच. वाकलेल्या माणसाची मान खाली गेली, पण पाय जमिनीवर आहेत. तो पुन्हा ताठ होऊ शकतो. प्रतिस्पर्ध्याला जागेवर ठेवून आपले म्हणणे मान्य करायला लावले, एवढेच नमवणे सांगते. 'दाती तृण धरून शरण आला' यात माणूस स्वतःला गाय म्हणवून जीव मागतो; नमवण्यात तो माणूसच राहतो.

काही शब्द एकट्या माणसाला लागूच पडत नाहीत. दाणादाण हा त्यातला. मूठभर दाणे जमिनीवर टाकले की ते जसे चहूकडे उडतात, तशी फौज उडाली. एका माणसाची दाणादाण उडत नाही. उडायला पुष्कळ दाणे लागतात. इंग्रजीत याला 'राउट' म्हणतात. उलट जुन्या बखरींतला पाडाव हा शब्द पाहा. सरदार पाडाव झाला म्हणजे तो शत्रूच्या हाती जिवंत सापडला. आज आपण कोणत्याही पराभवाला पाडाव म्हणतो आणि ही बारकाई विसरतो.

इंग्रजीचे नाव निघाले म्हणून थोडे सांगतो. कारण आमच्या करारांचे मसुदे इंग्रजीत यायचे, आणि ते समजून घेण्यासाठी मी तिशीनंतर ती भाषा शिकलो. तिथेही अशीच गर्दी आहे. 'बीट' म्हणजे मारणे. मैदानातला आणि घरगुती शब्द. 'डिफीट' जुन्या फ्रेंचमधून आला. मूळ अर्थ केलेले मोडणे, विसकटणे. 'काँकर' म्हणजे जिंकून ताब्यात घेणे; त्यात हरवणारा परत जात नाही, तिथेच राहतो. इंग्रजांनी हिंदुस्थानात केले ते काँकर. आणि 'विन' याला तर प्रतिस्पर्धी चालतच नाही. सामना विन करता येतो, माणूस विन करता येत नाही. मराठीत मात्र आपण किल्ला जिंकतो, पैज जिंकतो, आणि माणसाचे मनही जिंकतो. मन जिंकले तर हरलेला कोण? दोघांपैकी कोणीच नाही. जिंकणे या एकाच शब्दाला असे जगता येते, की समोरच्याने हरायची गरज नसते.

निवडणुकीचे शब्द मुद्दाम वेगळे ठेवले होते. उमेदवार निवडून 'येतो' किंवा 'पडतो'. आणि कुणीतरी त्याला 'पाडतो'. पडला आणि पाडला यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पडला म्हणजे मते कमी मिळाली. पाडला म्हणजे स्वतःच्या माणसांनी दगा दिला, अशी त्यात कुजबूज असते. वैध मतांच्या सहाव्या हिश्श्यापेक्षा कमी मते मिळाली, तर अनामत जप्त होते. मग वर्तमानपत्र म्हणते, 'धुव्वा उडाला' किंवा 'फडशा पाडला'. फडशा तर आपण लाडवांचाही पाडतो. ताटात काही उरत नाही, तसा प्रतिस्पर्धी उरला नाही! ऐकायला हे फार गोड वाटते. पण ज्या गावात प्रतिस्पर्धी उरत नाही, त्या गावात पाण्याच्या नळाची तक्रार कोणाकडे न्यायची, हे फडशा पाडणाऱ्यांनी सांगावे.

आता या विषयातल्या सर्वांत साध्या शब्दाकडे येतो. तो म्हणजे हार, आणि त्यावरून हरणे, हरवणे. मराठीत तो हार गळ्यात घालतात, आणि ती हार पत्करतात. फक्त लिंग बदलले की सत्काराचा पराभव होतो. हरवणे या क्रियापदाचेही तसेच. 'त्याने मला हरवले' म्हणजे पराभव केला. 'माझी छत्री हरवली' म्हणजे ती सापडत नाही. एकाच शब्दात पराभूत होणे आणि नाहीसे होणे या दोन गोष्टी आपल्या भाषेने एकत्र ठेवल्या आहेत. लहानपणी हा मला नुसता योगायोग वाटे. पुढे कळले, की कधी कधी तो योगायोग नसतो.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार, पुढारी डॉ. दत्ता सामंत. आपल्या जिल्ह्यातली, साताऱ्याकडची आणि कोकणातली हजारो घरे त्या गिरण्यांवर जगत होती. माझे एक चुलते तिथे साच्यावर होते. वर्ष उलटल्यावर ते ट्रंक घेऊन गावी आले, ते पुन्हा गेलेच नाहीत. मी बारा-तेरा वर्षांचा. मी त्यांना विचारले, "काका, तुमी संपात हरला व्हय?" ते बराच वेळ गोठ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "हरलो न्हाई, पोरा. आमी हरवलो."

ते काय म्हणाले हे मला कळायला वीस वर्षे लागली. हरायला निकाल लागतो. कुणीतरी पंच लागतो, कुस्ती सुटली म्हणून सांगणारा. त्या संपात तसे घडलेच नाही. तो मागे घेतल्याची रीतसर घोषणा कधी झाली नाही. काही माणसे कामावर परत गेली, कित्येकांना परत घेतले नाही, काही गिरण्या पुन्हा उघडल्याच नाहीत. पुढे त्या जागांवर मनोरे उभे राहिले. अडीच लाखांना कोणी चीत केले नाही. ते छत्रीसारखे हरवले.

संपाच्या शेवटाला आम्हा कामगारांकडे जे शब्द आहेत ते फार काटेकोर आहेत, आणि ते नीट समजून घ्यावेत अशी माझी तरुण कार्यकर्त्यांना विनंती आहे. संप मोडला म्हणजे बाहेरच्याने मोडला : पोलिसांनी, गुंडांनी, नव्या भरतीने. संप फुटला म्हणजे आतून फुटला. आपलीच माणसे चोरपावलांनी कामावर गेली. संप फसला म्हणजे आपला अंदाज चुकला. वेळ चुकली, तयारी कमी पडली. संप बारगळला म्हणजे कोणी काही न करताच त्यातला जोर गेला. संप मागे घेतला म्हणजे पुढाऱ्याने विचार करून पाऊल मागे टाकले, माणसे शाबूत ठेवली. आणि संप मिटला म्हणजे दोन्ही बाजूंनी सही झाली. जो पुढारी फुटलेल्या संपाला मोडलेला म्हणतो, तो दोष मालकावर ढकलून मोकळा होतो, आणि ज्या भेगेतून संप फुटला ती भेग तशीच राहते. फसलेल्याला जो फुटलेला म्हणतो, तो स्वतःची चूक गरीब कामगारांच्या माथी मारतो. शब्द चुकला की औषध चुकते.

पराभवाला खरे नाव देण्याचे धाडस मराठी माणसाने एकदा फार मोठ्या प्रमाणावर केले आहे. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर विश्वासराव पडले, सदाशिवरावभाऊ पडले, घरोघर माणूस गेले. आणि आपण त्या गावाच्या नावाचाच शब्द केला. आजही कुणाचा पुरता पराभव झाला की आपण म्हणतो, 'त्याचे पानिपत झाले.' इंग्रजीत तसे 'वॉटर्लू' आहे. पण इंग्रज ते लढाई जिंकलेल्यांपैकी, तो नेपोलियनचा पराभव. आपण स्वतःच्याच पराभवाचे नाव कोशात घातले. आणि ध्यानात ठेवा, ज्यांचे पानिपत झाले, तेच मराठे दहा वर्षांनी, १७७१ साली, महादजी शिंद्यांच्या नेतृत्वाखाली दिल्लीत होते. नाव लपवले नाही, म्हणून पुढे काय करायचे ते सुचले, असे मला वाटते.

आता माझी चूक सांगतो. मी तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा असेन. आपल्याच भागातल्या एका फाउंड्रीत आम्ही संप केला. महिना-सव्वा महिना चालला, माणसे टिकली, आणि चांगली पगारवाढ घेऊन मिटला. पुढारी म्हणून ते माझे पहिले मोठे यश. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या दाराशेजारी आमचा जो फळा होता त्यावर मी रंगाने मोठ्या अक्षरांत लिहिले, 'मालकाला अस्मान दाखवले!' लोकांनी टाळ्या वाजवल्या. पावसाने अक्षरे पुसट झाली, तेव्हा मी ती पुन्हा गिरवली. दोन-तीन महिने तो मजकूर तिथेच होता. मालकाची गाडी रोज त्या फळ्यासमोरून आत जायची.

आमच्यात एक म्हातारे मोल्डर होते. तरुणपणी तालमीत घाम गाळलेले, कान मोडलेले. सगळे त्यांना आण्णा म्हणत. एक दिवस मी फळा गिरवत असताना ते मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आरं पोरा, कुस्ती सुटली की पडलेल्याला हात देऊन उठवायचं असतंय. तू तर त्या माणसाला रोज सकाळी आठ वाजता नव्यानं पाडतोयस."

मी हसलो. आण्णा जुन्या वळणाचे, त्यांना वर्गलढा काय कळणार, असे मला वाटले. तीन वर्षांनी करार संपला आणि नवी मागणी दिली, तेव्हा मालक टेबलावर आलाच नाही. वकील पाठवला. प्रकरण कोर्टात गेले आणि चार वर्षे तिथे राहिले. त्या चार वर्षांत एक पैसा वाढला नाही. आण्णा जुन्या पगारावरच निवृत्त झाले, आणि त्यांची ग्रॅच्युइटीही त्याच पगारावर मोजली गेली. हे सगळे केवळ फळ्यामुळे झाले असे मी म्हणत नाही. मंदी होती, कामे कमी झाली होती, नफ्यावर कुऱ्हाड आली की कोणताही मालक कठोर होतो. पण मंदीतही शेजारच्या दोन कारखान्यांचे करार झाले. आमचा झाला नाही. समोरच्या माणसाला नमवण्याइतकीच आमची ताकद होती, आणि मी फळ्यावर शब्द लिहिला चीत केल्याचा. चीत झालेला माणूस सही करायला येत नाही. तो दुसरी कुस्ती शोधतो.

याचा अर्थ लढू नये, किंवा लढल्याचे सांगू नये, असा कोणी घेऊ नये. त्याचे दुसरे टोक आहे नुरा कुस्ती. आधी ठरवून, पैसे घेऊन, लोकांसमोर आपटाआपटी करायची. कामगार चळवळीत तीही होते, आणि फसवला जातो तो तिकीट काढून बसलेला प्रेक्षक. गोड बोलणारा पुढारी आणि मालक यांची नुरा कुस्ती चालू असेल, तर त्यापेक्षा माझा तो उर्मट फळा बरा. आणि हाच हिशेब मालकांनाही लागू आहे. 'संप मोडून काढला' असे क्लबात अभिमानाने सांगणाऱ्या मालकाला दुसऱ्या दिवशी त्याच मोडलेल्या माणसांकडून काम करून घ्यायचे असते. मोडलेल्या माणसाच्या हातून सरळ ओतीव काम निघत नाही. पिऱ्हस नावाच्या ग्रीक राजाने इसवी सनापूर्वी २७९ साली रोमन सैन्याचा पराभव केला, पण त्यात स्वतःचीच इतकी माणसे गमावली की अशा विजयाला जगभर त्याचे नाव पडले.

शेवटी एक शब्द सांगून थांबतो. हरवण्याचे इतके शब्द पाहिले. पण ज्याला हरवायचे त्याला मैदानात काय म्हणतात? शत्रू नव्हे, वैरीही नव्हे. मैदान ठरले की गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींत पहिला प्रश्न असतो, "त्याला जोड कोण?" जोड म्हणजे बरोबरीचा. वजन, ताकद, नाव पाहून जोडी लावतात. ज्याला जोड मिळत नाही तो पैलवान कितीही मोठा असो, त्या दिवशी त्याची कुस्ती होत नाही. तो नुसता फेटा बांधून बसतो. सलामीला दोघे हात मिळवतात, मग एकमेकांना पाडायला जिवाचे रान करतात, आणि निकाल लागल्यावर वरचा खालच्याला हात देतो. पाडण्यात कसूर नाही, आणि उठवण्यातही नाही.

आमच्या तडजोड या शब्दाच्या पोटातही एक जोड आहे. तो शब्द आम्ही तरुणपणी शिवीसारखा वापरत असू. आता वापरत नाही. आजही करार झाला की मी फळा लिहितो. पण त्यावर आकडे लिहितो : किती वाढ, केव्हापासून, कोणाला. वरची ओळ असते, 'संप मिटला.' तरुण पोरे म्हणतात, ओळ जरा फिकी आहे. मी त्यांना सांगतो, असू दे. तीन वर्षांनी याच जोडीशी पुन्हा हात मिळवायचा आहे.